बुडापेस्टमधली दुभाषेगिरी

बुडापेस्टच्या त्या बाईंना मी सहा महिने पत्रं लिहीत होते. म्हणजे ईमेलच, पण आधी वहीत लिहायचे, खाडाखोड करायचे आणि मगच टाइप करायचे. नळदुर्गच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते. व्याकरणाची चूक गेली असती तर मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. परक्या प्रवाशांना फुकट घरी ठेवून घेणाऱ्या लोकांचं एक संकेतस्थळ आहे, तिथं त्या मला सापडल्या. सत्तरीच्या, नवरा गेलेला, निवृत्त शिक्षिका. त्या त्यांच्या नदीबद्दल लिहायच्या, मी आमच्या किल्ल्याबद्दल. ‘तुमच्यासाठी खोली तयार आहे’ असं त्यांनी लिहिलं, ते पत्र मी तीनदा वाचलं. घरातल्या, शाळेतल्या कुणाशीही वाटून घ्यावं लागणार नाही असं एक माणूस मला मिळालं होतं.

पण एकटीनं जायचं नाव काढल्यावर घरात कुणी हो म्हणेना. यांना रजा नव्हती. शेवटी सासूबाई म्हणाल्या, “एकटी न्हाय जायचं. हिला ने संगं.”

ही म्हणजे माझी धाकटी जाऊ. तामलवाडीला शेतात राहणारी, सातवीपर्यंत शिकलेली. थोरला मुलगा दुबईला असल्यानं तिचा पासपोर्ट मात्र तयार होता. मी हो म्हणाले. मनात म्हटलं, बोलायचं तर मलाच आहे, ती आपली सोबतीला.

बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. मधल्या चौकाभोवती लोखंडी कठड्याची गॅलरी आणि तिच्यावर सगळ्यांची दारं. पहिला दिवस माझा होता. नदीकाठानं आम्ही दोघी बोलत चाललो आणि जाऊ मागून, पदर सावरत, पिवळ्या ट्रामकडं बघत.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई सूप करत होत्या. कणकेचे बारीक चिमटे तोडून त्या उकळत्या पाण्यात टाकत होत्या. मी त्यांना हंगेरीतल्या शाळांबद्दल काहीतरी विचारत होते. जाऊनं स्टूल ओढलं, थोडी कणीक घेतली आणि दोन बोटांत गव्हले वळायला लागली. आमच्या भावकीत लग्न निघालं की गव्हल्यांसाठी तिलाच बोलावणं येतं. गव्हाच्या दाण्याएवढे, एकासारखा एक. बाईंनी चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि माझं वाक्य अर्ध्यात सोडून तिच्या शेजारी बसल्या.

त्या दिवसापासून स्वयंपाकघर त्या दोघींचं झालं. एकीला मराठीशिवाय काही येत नाही, दुसरीला मराठीचा गंध नाही, आणि तरी दोघी दिवसभर बोलत. बाईंनी वाळलेल्या लाल मिरच्यांची माळ दाखवली. जाऊनं एक मिरची मोडून चावली आणि म्हणाली, “ह्ये काय, गोडच हाय की!” तिचं तोंड बघून बाई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मी दारात उभी होते. माझ्या एकाही पत्रानं त्यांना असं हसवलं असेल का, हा विचार काही केल्या मनातून जाईना. ती साधी आहे, तिला कळतही नाही आपण काय घेतोय ते, याचाच मला जास्त राग आला.

चौथ्या दिवशी जेवताना बाई मला म्हणाल्या, “तुमच्या बहिणीला सांगा, हे गेल्यापासून या स्वयंपाकघरात मी कुणाबरोबर इतकी हसले नव्हते. उद्या सकाळी आम्ही दोघीच मंडईत जाऊ. तुम्ही निवांत वाचत बसा.”

जाऊनं विचारलं, “काय म्हनल्या, अक्का?”

मी म्हणाले, “म्हणतायत, उद्यापासून स्वयंपाकघरात आलं नाही तर बरं. म्हाताऱ्या माणसांना आपल्या चुलीजवळ दुसरं कुणी आवडत नाही.”

तिनं हातातला चमचा अलगद ठेवला. “व्हय का. मला वाटलं...” एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पिशवी घेऊन दाराशी थांबल्या होत्या. जाऊ खोलीत घडी केलेल्याच साड्या पुन्हा घडी घालत होती. मी बाईंना सांगितलं, तिला दमल्यासारखं वाटतंय. त्या एकट्याच गेल्या. मग दिवसभर त्यांनी मला हवं तिथं हिंडवलं. माझ्याच मनासारखं झालं होतं, आणि तरी घास गोड लागेना.

शेवटच्या दिवशी सामान बांधून झाल्यावर बाईंनी आपला फोन जाऊपुढं धरला. त्या हंगेरियनमध्ये बोलल्या आणि फोन मराठीत बोलला, “मी दारात तुमची वाट पाहिली. तुम्हाला माझ्याबरोबर मंडईत यायचं नव्हतं का?”

जाऊनं फोनकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी बॅगेचं कुलूप पुन्हा तपासायला लागले. तिनं बाईंचा हात हातात घेतला आणि मला म्हणाली, “अक्का, तुमीच सांगा त्येंला. म्हनावं, डोकं लई दुखत हुतं.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. चार शब्दांचं ते वाक्य बोलताना मी दोनदा अडखळले.

विमानात ती झोपली. हैदराबादहून आम्ही गाडीनं निघालो. उमरगा मागं पडलं तेव्हा, खिडकीबाहेर बघतच ती म्हणाली, “अक्का, तुमी नुसतं म्हनला असता ना, ‘ती बाई माजी हाय, तू जरा सर,’ तर म्या सरले असते. खोटं कशापायी बोललाव?”

“चुकलं माझं,” मी म्हणाले.

“व्हय. चुकलंच.” ती म्हणाली. नळदुर्ग येईपर्यंत आम्ही दोघी समोरच्या ट्रकांकडं बघत बसलो.

याला दोन वर्षं झाली. सासूबाईंना तिनं कधी सांगितलं नाही. दर रविवारी बाई तिला व्हिडिओ कॉल करतात. एकमेकींना कढईत काय शिजतंय ते दाखवतात आणि हसतात. मलाही त्या पत्रं लिहितात, लांबलचक, छान. शेवटी नेहमी एक ओळ असते, ‘तुमची बहीण कशी आहे?’

येत्या जानेवारीत त्या इकडं येणार आहेत. माझ्या घरी वरची खोली रिकामी आहे, पुस्तकांचं कपाट आहे, हे मी त्यांना कळवलं होतं. त्यांनी आभार मानले आणि तामलवाडीला राहीन म्हणून कळवलं.

परवा जाऊचा फोन आला. “अक्का, तुमीबी या आठ दिस. गाद्या घालून ठिवते.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “मला अजून जळायला होतं गं तुझ्यावर.”

“मला ठाव हाय की,” ती म्हणाली. “तरीबी या.”

मी रजेचा अर्ज दिला आहे.