काशीला गेलो, बकरीची गोष्ट वाचून आलो

काशीला मी पुण्य मिळवायला गेलो नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर खाली प्रतिक्रियांत कोणीतरी विचारणार, किती मंदिरं पाहिलीत? मी गेलो नातीसाठी.

माझा मुलगा महेश बँकेत आहे. बदली होऊन काशीला गेला आणि तिथलाच झाला. सून वैदेही तिथलीच, रामघाटाजवळच्या जुन्या मराठी घरातली. तिचे पूर्वज कधीकाळी कोकणातून गेलेले. त्यांची मुलगी सई, चार वर्षांची. रविवारी फोनवर ती दिसायची, "दादाजी, नमस्ते" म्हणायची आणि पळून जायची. मी इकडून "जेवलीस का गं?" विचारायचो ते रिकाम्या सोफ्याला.

घरात वैदेही मराठी बोलते, पण शाळा, शेजार, गल्ली सगळं हिंदी. मला धास्ती बसली, की या पोरीला माझं बोलणं कळलंच नाही तर मी तिचा कोण? फोनमधला एक म्हातारा. माझी हिंदी म्हणाल तर गिरणीपुरती. येवल्यात माझी पिठाची गिरणी होती, आणि "बारीक या मोटा?" यापुढे ती कधी गेली नाही.

अशात वैदेहीचा फोन आला. तिच्या काकू, ज्यांना सगळे माई म्हणतात, आपल्या घराच्या पुढच्या खोलीत लहान मुलांचं वाचनालय चालवतात. दर शनिवारी तिथं कोणाचे तरी आजी-आजोबा चित्रांचं पुस्तक वाचून दाखवतात.

"अप्पा, तुम्ही येताय ना, तर ह्या वेळी तुमचा नंबर लावून दिला."

"अगं, माझी शाळा पाचवीत सुटली. मी अजून बोट ठेवून वाचतो."

"मग बोट घेऊन या," ती म्हणाली.

आमची ही पलीकडून हसत होती. "पोथी नाही वाचायचीय. पानावर दोन ओळी असतात. तेवढ्यासाठी एवढा घाम?"

पुस्तक नाशिकला घेतलं. त्यात एका बकरीची घंटा हरवते. ती विहिरीला विचारते, झाडाला विचारते, गिरणीला विचारते, एसटीला विचारते, "माझी घंटा पाहिलीस का?" प्रत्येक जण म्हणतो, "नाही गं बाई, पुढं बघ." शेवटी घंटा तिच्याच करडाच्या गळ्यात सापडते. गिरणीचं चित्र होतं म्हणून हेच घेतलं, खोटं कशाला सांगू.

मनमाडहून काशीला थेट गाड्या आहेत. एक रात्र आणि जवळजवळ पुढचा अख्खा दिवस धरून चला. जानेवारीत गेलात तर धुक्यानं गाडी रखडते हेही धरा. आमची सतनापर्यंत शहाण्यासारखी धावली आणि पुढं कुठंही थांबायला लागली. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर होती म्हणून निभावलं. वयस्कर मंडळींनी खालचा बर्थ आधीच मागून घ्यावा. माझा खालचाच होता, तरी तो मिळेल की नाही या काळजीनं मी आदल्या आठवड्यापासून झोपलो नव्हतो.

बर्थवर बसून मी पुस्तक काढलं आणि पुटपुटत सराव सुरू केला. भुसावळला चढलेला एक तरुण बराच वेळ बघत होता.

"काका, परीक्षा आहे का?"

"तोंडी आहे," आमची ही म्हणाली. "परीक्षक चार वर्षांच्या आहेत."

स्टेशनवर महेश आला होता. तिथून वाटून घ्यायची ई-रिक्षा मैदागिनपर्यंत जाते, माणशी थोडेच पैसे पडतात. पुढं गल्ल्या, पायीच. सामान कमी न्या. चाकांची बॅग तिथल्या फरशीवर चालत नाही, उड्या मारते. एका वळणावर बैल आडवा बसलेला. मी थांबलो. महेश म्हणाला, "अप्पा, तो उठणार नाही. त्याला बाजूनं जायचं असतं." बैलाच्या पाठीला पोट घासून मी गेलो. माझ्यामागून एक बाई डोक्यावर टोपली घेऊन गेल्या, त्यांनी त्याला "महाराज, पूँछ हटाइए" म्हटलं आणि त्यानं खरंच हलवली!

घरी सई आईच्या ओढणीमागे. मी हात पुढे केला. ओढणी आणखी गुंडाळली गेली.

"बोलो न, दादाजी आए हैं," शेजारीण म्हणाली. मी खिशातली चिक्की काढली. छोटा हात बाहेर आला, चिक्की घेऊन आत गेला. तोंड काही दिसलं नाही.

शनिवारला अजून अवकाश होता. सकाळी गच्चीत छान ऊन यायचं, तिथं खुर्ची टाकून मी मोठ्यानं सराव करायचो. जवळ काठी ठेवायची, कारण काशीतली माकडं चष्मा पळवतात. चष्म्याला मी सुतळी बांधली होती. ही म्हणाली, "आता तुम्हीच बकरी दिसता, घंटा तेवढी राहिली." पाण्याच्या टाकीमागे रोज काहीतरी हलायचं. आधी माकड वाटलं. नंतर लाल रिबिनीची वेणी दिसली. मी मान वळवली की वेणी गायब. मला वाईट वाटायचं. पोर मला इतकी घाबरते, की टाकीमागे लपते? मी आवाज जरा खाली घ्यायचो आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करायचो.

मधल्या दिवसांत फिरलो ते सांगतो. सकाळी कचोरी-भाजी आणि जिलबी खा, पानाच्या द्रोणात देतात, दोघांना एक प्लेट पुरते असं मी म्हणालो आणि नंतर तीन मागवल्या. थंडीत मलइयो मिळतो. दुधाचा फेस, केशराचा रंग, तोंडात ठेवला की आहे की नाही कळत नाही. सकाळी लवकर जा, उशीर केला तर रिकामं पातेलं बघावं लागतं. बालाजी घाटाच्या पायऱ्या उंच आहेत, गुडघेवाल्यांनी भिंतीकडून उतरावं. तिथून नावेनं दशाश्वमेधला गेलो. पूर्ण नाव करण्यापेक्षा इतरांबरोबर वाटून घेतली की स्वस्त पडते, पण नावेत चढण्याआधी भाव ठरवा, आणि लाइफ जॅकेट मागून घ्या. मी सगळ्यांचे बंद तपासले. नाववाल्याचेही.

"बाबा, मैं तो पैदा ही इसी में हुआ हूँ," तो म्हणाला.

"तरी बांधा," मी म्हणालो.

नदीवर पांढऱ्या पक्ष्यांचा थवा होता. सई नावेच्या त्या टोकाला बापाच्या मांडीवर, मी या टोकाला. ती पक्ष्यांना शेव टाकत होती. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

शनिवार उजाडला. मला सकाळपासून घसा बसल्यासारखा वाटत होता. वैदेहीनं आल्याचा चहा दिला. "अप्पा, चिंता नका करू. बच्चे लोक आहेत, कोणी मार्क देत नाही."

माईंची खोली बघण्यासारखी आहे. भिंतीवर सुतळ्या बांधून त्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी पुस्तकं अडकवलेली, आणि तीही इतकी खाली, की मला वाकावं लागलं. मी म्हणालो, वर का नाही लावत? माई म्हणाल्या, "तुमच्यासाठी नाहीत ना ती." मुलं यायची, हात धुवायची, हवं ते पुस्तक ओढून घ्यायची. एक मुलगा पुस्तक उलटं धरून मोठ्या तल्लीनतेनं बघत होता. मी ते सरळ करायला गेलो तर माईंनी माझा हात धरला. "राहू दे. हत्तीचे पाय वर दिसले की तोच फिरवील." आणि थोड्या वेळानं त्यानं फिरवलं.

मराठी मुलं निम्मी, बाकी गल्लीतली. सई सगळ्यात मागे, दाराजवळ. मी मधोमध पाटावर बसलो, पुस्तक मुलांकडे करून, आणि शब्दाखाली बोट ठेवून सुरू केलं. "एक होती बकरी."

आणि थांबलो.

कारण कोणी "हं" म्हणालं नाही. आमच्याकडे गोष्ट सांगताना ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो. सांगणाऱ्यानं एक वाक्य टाकायचं, ऐकणाऱ्यानं "हं" म्हणायचं, मग पुढचं. हुंकार आला नाही तर समजायचं, ऐकणारा झोपला, गोष्ट बंद. माझ्या आईनं मला अशाच गोष्टी सांगितल्या. आणि इथं सगळी मुलं शाळेतल्यासारखी तोंडावर बोट ठेवून बसलेली. इतकी शांतता की खालून घाटावरची आरोळी ऐकू आली.

"वाचा की," ही कुजबुजली.

"अगं, हं कोण म्हणणार?"

"तुम्ही वाचा हो!"

पण माझं पुढं सरकेना. कपाळाला घाम. सई मान वर करून बघत होती, आता आजोबा नापास होणार, असंच मला वाटलं.

दारात नातवाला घेऊन आलेली शेजारची एक आजी बसली होती, तिकडचीच, मराठीचा गंध नाही. तिनं माझं तोंड पाहिलं आणि तिला कळलं.

"अरे बच्चो, हुँकारी भरो! बाबा कहानी कह रहे हैं और सब गूँगे बने बैठे हैं! बिना हुँकारी के कहानी आगे नहीं बढ़ती." आणि तिनं स्वतःच जोरात म्हटलं, "हूँ!"

म्हणजे त्यांच्याकडेही हेच! मला इतका आनंद झाला की मी तिला पाटावरूनच नमस्कार केला.

"एक होती बकरी."

"हूँऽऽ!" बोटं तोंडावरून निघाली.

"तिच्या गळ्यात होती घंटा."

"हूँऽऽ!" कोणी हूँ, कोणी हं. विहीर झाली. "नाही गं बाई, पुढं बघ." झाडापर्यंत गल्लीतली हिंदी मुलंसुद्धा "पुढं बघ!" ओरडायला लागली. माझा घसा सुटला. मी बकरीचा आवाज काढला, गच्चीत कधी काढला नव्हता. हिनं तोंडाला पदर लावला.

मी पान उलटलं. "एसटी, एसटी, माझी घंटा पाहिलीस का?"

"नाही!"

हा हुंकार नव्हता. दाराजवळून आला होता. सई उभी होती, कमरेवर हात.

"आजोबा, गिरणी राहिली ना! पहिले गिरणी, मग एसटी!"

घाईत मी दोन पानं एकदम उलटली होती. थंडीनं बोटं बधिर होतात, पानं चिकटतात. पण ते माझ्या लक्षात यायला वेळ लागला, कारण डोक्यात एकच घुमत होतं. ती मराठीत बोलली. दादाजी नाही, आजोबा म्हणाली. आणि तिला कसं माहीत, की एसटीआधी गिरणी येते? पुस्तक तर माझ्या पिशवीत असायचं.

मग मला ती लाल रिबीन आठवली. ती टाकीमागे लपत नव्हती, ऐकत होती.

सई मुलांमधून वाट काढत आली आणि माझ्या मांडीला टेकून बसली. पान मागे उलटून दिलं. मी "गिरणी" या शब्दाखाली बोट ठेवलं, त्याच्याशेजारी तिनं आपलं बोट ठेवलं आणि म्हणाली, "गिरणी, गिरणी, माझी घंटा पाहिलीस का?" शब्द संपायच्या आधीच तिचं बोट ओळीच्या शेवटाला पोचलं, मग ते परत आणून तिनं पुन्हा म्हटलं.

"हूँऽऽ!" सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

उरलेली गोष्ट आम्ही दोघांनी वाचली. करडाच्या गळ्यात घंटा सापडल्यावर शेजारच्या आजीनं टाळ्या वाजवल्या. नंतर लाह्या आणि गूळ वाटला.

मी माईंना हळूच विचारलं, "वाचता येतं हो हिला?"

"कुठलं! पाठ आहे सगळं. पण अक्षरं डावीकडून उजवीकडे जातात आणि बोलतात, एवढं तिला समजलं. आधी असंच होतं. तुम्ही भराभर वाचलं असतं तर तिला दिसलं नसतं."

पाचवीत शाळा सोडलेल्या माणसाला असं कोणी म्हणावं! मी आणखी गूळ घेतला.

उरलेले दिवस गच्चीत दोन खुर्च्या लागल्या. बकरी इतक्या वेळा वाचली की माकडंसुद्धा कंटाळली असावीत. निघताना पुस्तक तिथंच ठेवलं. परतीच्या गाडीत माझ्या बोटांना काही काम नव्हतं, म्हणून मी हिच्या स्वेटरचे सुटलेले धागे ओढत बसलो आणि बोलणी खाल्ली.

घरी येऊन तपासलं, काय आणलं? गंगेचं पाणी, आवळ्याचा मुरंबा, आणि सर्दी. सर्दी गेली, मुरंबा संपत आलाय. तुम्ही गेलात तर नातवंडांसाठी एखादं मराठी पुस्तक बरोबर न्या, आणि ते वाचता येतं की नाही याची फार काळजी करू नका. हे मी म्हणतोय, म्हणजे बघा.

परवा रविवारी फोन लागला. सोफा रिकामा नव्हता. सई पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती, बोट पानावर तयार.

"एक होती बकरी," ती म्हणाली.

मी बघत राहिलो. मागे भिंतीला ओल दिसत होती, महेशला सांगायला हवं, प्लास्टर पडलं तर, असं काहीतरी डोक्यात सुरू झालं होतं. फोनमधून काही ऐकू येईना. मला वाटलं, लाइन गेली.

लाइन गेली नव्हती. सई बोट तसंच धरून माझ्याकडे बघत होती.

"आजोबा," ती म्हणाली, "झोपलात का? हं म्हणा ना!"

"हं," मी म्हणालो.

मग तिनं पुढं वाचलं.