केनियाची चौथी रेघ

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत बसून मी रोज संध्याकाळी साडेपाच ते सात केनियाची वाट बघत असे. केनिया म्हणजे कुणी माणूस नव्हे, अख्खा देश. कानाला हेडफोन लावलेल्या माझ्याकडे बोट करून बायको आल्यागेल्याला सांगायची, "बसा, च्या घ्या. त्यांचं काय खरं न्हाय, ते आफ्रिकेत गेल्यात."

प्रकरण असं होतं. जगात अठरा ठिकाणी अठरा रेडिओ-केंद्रं होती, त्यांना बीकन म्हणत. त्यांच्यावर गाणी नाहीत, बातम्या नाहीत. प्रत्येकाने आपली पाळी आली की दहा सेकंदांत आपलं सांकेतिक नाव कट्ट-कडकट्ट वाजवायचं, मग चार लांब रेघा ओढायच्या आणि गप्प बसायचं, की पुढच्या देशाची पाळी. तीन मिनिटांत जगाचा एक फेरा पुरा. पहिली रेघ शंभर वॉटची, दुसरी दहाची, तिसरी एकाची आणि चौथी एका वॉटच्या दहाव्या हिश्श्याची. खिशातल्या बॅटरीचा बल्बसुद्धा याहून जास्त खातो. कुठल्या देशाच्या किती रेघा ऐकू येतात यावरून वरच्या वातावरणाची आज तब्येत कशी आहे ते कळतं. ते कळून काय करायचं, हा प्रश्न बायकोचा होता. मला तो कधी पडला नाही.

केनियाच्या दोन रेघा मला सहज ऐकू यायच्या, कधीमधी तिसरीही यायची. चौथी मात्र एकदाही नाही. बल्बाएवढीही ताकद नसलेला तो आवाज अरबी समुद्र ओलांडून मंगळवार पेठेत येतो आणि आपल्याला ऐकू येत नाही, याचा मला अपमान वाटायचा. मी पाटबंधारे खात्यात पावसाच्या नोंदी उतरवून घेणारा कारकून. साहेबांनी केलेला अपमान मी कधी मनावर घेतला नाही, पण हा घेतला.

रिसिव्हर जुन्या बाजारातून आणलेला होता, लष्करातून बाद झालेला. खरी करामत अँटेनाची होती. साठेक फूट तांब्याची तार, एक टोक आमच्या गच्चीवरच्या टाकीला, दुसरं गल्ली तिरकी ओलांडून समोरच्या टेलरबाईंच्या माळ्याच्या वाशाला. तार बांधायची परवानगी मागायला गेलो तेव्हा मी दहा मिनिटं लघुलहरी समजावून सांगितल्या. त्यांनी दोरा दाताने तोडला आणि म्हणाल्या, "बांधा की दादा. तारंचा मला काय भार हाय?"

टेलरबाई एकट्या होत्या. पोलिओनं डावा पाय लहानपणीच गेलेला, उजव्या गुडघ्यातही फारसं काही उरलं नव्हतं. पायमशीन चालवणं शक्य नाही, म्हणून मशीनला मोटर बसवलेली. घर नवऱ्याच्या पश्चात दिराबरोबर वादात, आणि दीर सही देत नाही म्हणून नावावर मीटर नाही. तेव्हा मोटर चालायची ती आकड्यावर. आकडा म्हणजे काय हे कोल्हापुरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं: वाकवलेली वायर खांबावरच्या तारेला अडकवायची आणि मीटरला रामराम करायचा. बाईंचा नाइलाज होता. बाकी गल्लीचा नव्हता, पण गल्लीने शेजारधर्म म्हणून त्यांना साथ दिली होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या रेडिओत खरखर शिरली. आधी थोडी, मग इतकी की केनिया सोडा, जवळची श्रीलंकासुद्धा बुडाली. मी चोर शोधायचं ठरवलं. साधा ट्रान्झिस्टर हातात धरून फिरवला की एका दिशेला खरखर दबते; दोन-तीन जागांवरून असं केलं की चोराचं घर सापडतं. त्याप्रमाणे मी रोज ऑफिसातून आलो की एका हातात ट्रान्झिस्टर, दुसऱ्या हातात वही घेऊन गल्लीबोळ पालथे घालू लागलो. खांबाखाली थांबायचं, ट्रान्झिस्टर कानाजवळ धरून गर्रकन फिरायचं, वहीत लिहायचं, पुढं जायचं. हे बाहेरून कसं दिसतं याचा विचार मी केला नाही. विज्ञानाची सेवा करणारे तो करत नाहीत.

मागच्या गल्लीत एका ओट्यावरून हाक आली, "काय पावणं, काय शोधतायसा?"

"खरखर," मी म्हणालो.

"कसली?"

"विजेची."

झालं. त्या एका शब्दाने माझी बदली झाली. पाटबंधाऱ्यातला कारकून संध्याकाळच्या आत वीज बोर्डाच्या भरारी पथकाचा छुपा माणूस झाला. मी सरकारी नोकर एवढंच पेठेला माहीत होतं, खातं कोणतं याची कुणी चौकशी केली नव्हती. आता करायची गरजच उरली नाही. यंत्र हातात होतं, वही हातात होती, आणि नजर खांबावर.

दुसऱ्या दिवसापासून साडेपाचच्या सुमाराला वाळवण आत घ्यावं तसे बांबूने आकडे उतरू लागले. सैल आकड्यांच्या ठिणग्या हीच निम्मी खरखर होती हे मला तेव्हा कळलं, कारण ती निम्म्याने गेली. दूधकट्ट्यावरच्या म्हशीवाल्याने मला हाक मारून फेसाने भरलेला पेला हातात दिला. "घ्या साहेब, धारोष्ण हाय," म्हणाला, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला डोळा मारला. ज्या किराणा दुकानदाराने मला आजवर सुटे नाहीत याशिवाय दुसरं वाक्य ऐकवलं नव्हतं, तो वाटेत आडवा येऊन तब्येत विचारू लागला.

आठवड्याने तालमीचे अध्यक्ष दोन पैलवानांना घेऊन घरी आले. तिघं आत आल्यावर बायकोला चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबावं लागलं.

"साहेब," अध्यक्ष म्हणाले, "पथक कवा येणार म्हणायचं?"

"अहो, मी बोर्डाचा माणूस नाही. मी पाटबंधारे खात्यात आहे. मी नुसता रेडिओ ऐकतो."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. "व्हय, व्हय," अध्यक्ष समजूतदारपणे म्हणाले. "तसंच सांगायचं असतंय. आमी कुठं बोलणार न्हाय."

"अहो, पण खरंच."

"बरं, रेडिओवर आयकता काय?"

"केनिया."

अध्यक्षांनी हात जोडले. "न्हाय सांगायचं तर नका सांगू की. पर चेष्टा नगं."

ते गेल्यावर बायको म्हणाली, "आता रोज एकेकाला घरी जाऊन सांगा, न्हायतर निस्तरायला मी हाय." मी सांगितलं नाही. खरं सांगून कुणी ऐकत नसेल तर गप्प बसणं हाही खरेपणाच, असा एक सोयीचा सिद्धान्त मी काढला. तो सुचायला मला फार वेळ लागला नाही, कारण त्याच संध्याकाळी केनियाची तिसरी रेघ घंटेसारखी स्वच्छ आली होती.

चौथी मात्र अजून नाही. एक खरखर शिल्लक होती. ती इतरांसारखी पसरट नव्हती. खर्रर्र करून उठायची, थांबायची, पुन्हा उठायची, आणि नेमकी संध्याकाळी. मी पुन्हा ट्रान्झिस्टर घेऊन निघालो. फार लांब जावं लागलं नाही. टेलरबाईंच्या उंबऱ्यासमोर ट्रान्झिस्टर फिरवला आणि शंका उरली नाही. मशीनच्या मोटरचा आवाज थांबला की खरखर थांबत होती. गल्लीतले सगळे आकडे उतरले होते, त्यांचाच तेवढा उतरला नव्हता. बहुधा त्यांना वाटलं असेल, दादा आपलेच आहेत.

मी तिथे दोन मिनिटं उभा होतो. वहीत वेळ लिहिली, दिशा लिहिली. मान वर केली तेव्हा त्या मशीनवरून माझ्याकडे बघत होत्या. एक शब्द बोललो असतो तरी पुरलं असतं. मी तो बोललो नाही. महिनाभर न बोलण्याचीच फळं खात होतो, तीच सवय झाली होती. मी वही मिटली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी ती खरखर नव्हती. तिसऱ्या दिवशीही नव्हती. पाचव्या दिवशी सव्वासहाच्या सुमाराला केनियाने नाव वाजवलं, पहिली रेघ, दुसरी, तिसरी, आणि मग चौथी. नुसता एक बारीक धागा, एका सेकंदाचा. मी श्वास धरून पुढची तीन मिनिटं बसलो. पुन्हा आली. मला खोटं सांगायचं नाही, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा आनंद मला लग्नात झाला नव्हता, आणि त्या भरात बायको बाहेरून आल्या आल्या तिला मी तसं सांगूनही टाकलं.

तिच्या हातात ब्लाऊजचं कापड होतं, गेलं तसंच परत आलेलं. ती हसलीही नाही, चिडलीही नाही.

"टेलरबाईंकडं गेलतो," ती म्हणाली. "म्हणाल्या, ब्लाऊज जमायचा न्हाय. तालमीच्या फुटबॉल टीमच्या जर्सी हायत, सीझन तोंडावर आलाय. त्याच हुईनात. मोटर काढून ठेवलीया. एका हातानं चाक फिरवत्यात आणि एका हातानं कापड सरकवत्यात. वेळंत न्हाय दिल्या तर काम दुसऱ्याकडं जाणार. वर्षाचं तेवढंच मोठं काम हाय त्यांच्याकडं." मग माझ्या हेडफोनकडे बघून म्हणाली, "कुणीतरी साहेब दारात येऊन लिहून घेऊन गेला म्हणं."

मी चप्पल न घालताच गल्ली ओलांडली. बाई चाकाशी होत्या. मनगटाला फडकं गुंडाळलेलं होतं, शेजारी न झालेल्या जर्सींचा ढीग होता. मला बघून त्या मशीनचा आधार घेऊन उठायला लागल्या.

"बसा साहेब," त्या म्हणाल्या. महिन्यापूर्वी मी दादा होतो.

"मी बोर्डाचा माणूस नाही," मी म्हणालो.

हे वाक्य आजवर कुणाला पटलं नव्हतं, म्हणून पुढची दहा स्पष्टीकरणं मी घेऊनच आलो होतो. त्यातलं एकही लागलं नाही. बाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना ते पटलं.

"मग दारात हुबं ऱ्हाऊन लिवत काय हुतासा?"

"तुमच्या मोटरची खरखर माझ्या रेडिओत येते. ती कुठून येते ते शोधत होतो."

"मग सांगायचं की. मी न्हाय म्हणालो असतो व्हय? तुमच्या तारंला न्हाय म्हणालो काय?"

वर माळ्याच्या वाशाला माझी तार होती, ती मी बघायची टाळली.

"एवढं आयकायचं काय हुतं?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"केनियातून एक आवाज येतो," मी म्हणालो. "अगदी बारीक. एकच सेकंद असतो."

त्या खोलीत, त्या ढिगाशेजारी हे वाक्य मला स्वतःलाच ऐकवेना. बाई हसतील असं वाटलं, पण त्या हसल्या नाहीत. खरोखर माहिती हवी असल्यासारखं त्यांनी विचारलं,

"आला का मग?"

"आला. आज आला."

त्यांनी मान हलवली, मनगटावरचं फडकं सोडलं आणि मशीनखाली हात घालून मोटर पुढे ओढली. तिच्यावर हात ठेवून त्या थांबल्या.

"मग आता लावू काय?"

त्यांना सगळं कळलं होतं, मी कुणी नाही हेही कळलं होतं, आणि तरी त्या मलाच विचारत होत्या. माझी मान वर होईना इतकी लाज वाटली. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "लावा की." म्हणजे शेवटी परवानगी मी दिलीच.