बारा दिवसांचे चोवीस सेकंद

काकांच्या नाकावर राग असायचा आणि मनगटावर घड्याळ, आणि दोन्हींपैकी एकही कधी मागे पडत नसे. सूर्याच्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या केंद्रात त्यांनी एकतीस वर्षं निरीक्षकाची नोकरी केली. काम ऐकायला सोपं. कुंपणाआडच्या अँटेना सूर्याच्या लहरी पकडायच्या, खोलीतल्या यंत्राची लेखणी त्या कागदाच्या पट्टीवर उमटवायची, आणि सूर्यावर स्फोट झाला की लेखणी उसळी मारायची. ती उसळी नेमक्या कोणत्या सेकंदाला आली, हे काकांनी वहीत लिहायचं. त्यासाठी रोज दुपारी बाराला हेडफोन लावून ते प्रमाणवेळेचे ठोके ऐकत, केंद्राचं घड्याळ ताडून पाहत आणि शेवटच्या रकान्यात घड्याळाची चूक नोंदवत. सगळे त्यांना ‘सेकंदकाका’ म्हणत. बायको म्हणायची, "आमच्याकडे दूध उतू गेलेलं चालतं, सेकंद सांडलेला चालत नाही."

एकदा केंद्रात नवं घड्याळ आलं. साहेबांनी सगळ्यांसमोर काकांच्या पाठीवर थाप मारली. "काका, हे घड्याळ तुमच्यापेक्षा शहाणं आहे. याला तपासायची गरज नाही. आता जरा आराम करा!" सगळे हसले. काका हसले नाहीत. असं आहे काय, बघतोच, म्हणून त्यांनी हेडफोन खुंटीला लावला तो लावलाच. रकाना मात्र रिकामा ठेवायची सोय नव्हती, म्हणून रोज बाराला न तपासताच ते फणकाऱ्याने ‘शून्य’ लिहीत. बारा दिवसांनी राग उतरला. हेडफोन लावून पाहतात तर शहाणं घड्याळ चोवीस सेकंद पुढे! रोज दोन सेकंद पळत होतं.

साहेबांची जिरवायची ही आयती संधी होती. पण ती साधायची तर आधी आपली बारा शून्यं खोटी होती हे कबूल करावं लागलं असतं. काकांनी गुपचूप झाकण उघडून आतला स्क्रू फिरवला, घड्याळ वठणीवर आणलं आणि तोंड बंद ठेवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यानंतर मात्र निवृत्त होईपर्यंत त्यांनी एकही दुपार चुकवली नाही. तापाने फणफणले असतानासुद्धा स्वेटर घालून गेले.

या गोष्टीला अठरा वर्षं झाली. काकांची मुलगी मोठी होऊन सूर्याचाच अभ्यास करू लागली, आणि एका रविवारी लॅपटॉप घेऊन घरी आली. जेवणाच्या टेबलावरची ताटं बाजूला सारून तिने आईबापांना एक आलेख दाखवला.

"हे बघा. सूर्याभोवती जो तापलेला वायू असतो ना, कोरोना, तिथे स्फोट झाला की क्ष-किरण निघतात आणि रेडिओ लहरीही निघतात. क्ष-किरण हवेतून खाली येत नाहीत, ते उपग्रहाने टिपलेत. रेडिओ लहरी टिपल्यात बाबांनी. दोन्ही साधारण एकदमच यायला हवेत, हो ना? पण एक मोठा डाग सूर्याच्या या कडेपासून त्या कडेकडे सरकत होता, तेव्हा रेडिओ लहरी रोज जास्त जास्त उशिरा आल्या! डाग जसा सरकला तसा उशीर वाढला. म्हणजे त्या डागाच्या वर कोरोनात काहीतरी वेगळंच घडत होतं. असं आजवर कुणालाच दिसलेलं नाही."

"घड्याळ चुकलं असेल एखादं," आई भांडी उचलत म्हणाली.

"माझा लेख तपासणाऱ्या परीक्षकांनीही हेच विचारलं होतं. मी बाबांच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला. शेवटचा रकाना, बारा दिवस, शून्य. हातच्या काकणाला आरसा कशाला? लेख उद्या पक्का होतोय."

काकांनी आलेखाकडे पाहिलं. पहिल्या दिवशी दोन सेकंद, दुसऱ्या दिवशी चार, मग सहा, आठ, दहा... पट्टी लावून आखल्यासारखी रेघ चोवीसपर्यंत चढत गेली होती. सूर्य इतका शिस्तीचा नाही, हे एकतीस वर्षं त्याच्या उसळ्या मोजलेल्या माणसाला सांगायला नको.

ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. गप्प बसलं तर? कुणाला कळणार होतं? साहेब वारले, घड्याळ भंगारात गेलं. पण उद्या दुसऱ्या एखाद्या केंद्राची वही निघाली तर तोंड काळं होणार ते पोरीचं. आणि निघाली नाही तर जन्मभर ती या रेघेवर इमले बांधत बसेल. काकांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. लाजेपेक्षा भीती मोठी होती, कारण या जगात त्यांचा शब्द डोळे मिटून खरा मानणारं हे एकच माणूस होतं.

ते आत आले. "तो उशीर सूर्याचा नाही. माझा आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. साहेबांची थाप, खुंटीवरचा हेडफोन, पुढे पळणाऱ्या घड्याळामुळे वहीत पडलेली उशिराची वेळ, स्क्रू, काहीही लपवलं नाही. आई हातातलं ताट तसंच धरून उभी होती.

"रागावला होतात म्हणून?" मुलीने विचारलं.

"हो."

ती ओरडली असती तर काकांना बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. तिने कीबोर्ड पुढे ओढला आणि पहिल्या दिवसातून दोन वजा केले, दुसऱ्यातून चार. चढती रेघ खाली येऊन आडवी झोपली. क्ष-किरण आणि रेडिओ लहरी एकदमच आल्या होत्या, सगळ्यांना नेहमी दिसतात तशाच. तीन वर्षांचं काम पाच मिनिटांत आटोपलं.

"परीक्षकांना कळवते," ती म्हणाली, आणि तिने तिथेच बसून पत्र लिहिलं. काका समोरच्या खुर्चीत बसून होते. पत्र गेल्यावर तिने त्यांच्या बाकीच्या वह्यांचे फोटो एकेक करून उघडायला सुरुवात केली, एकतीस वर्षांचे.

"बाकीचं सगळं खरं आहे गं," काका म्हणाले. "एकेक सेकंद."

"असेल, बाबा," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "उपग्रहाशी ताडून बघते."