मोटारीचं पितळ

मोटार आमची नव्हती. ती भाताच्या गिरणीच्या मालकांची होती आणि माझा नवरा तिचा ड्रायव्हर. आमची खोली गिरणीच्या आवारातच, मोटारीच्या शेडला लागून. मधे नुसती पत्र्याची भिंत. खोली नोकरीबरोबर मिळाली होती. नोकरी गेली की खोलीही जाणार, हे समजायला वकील लागत नव्हता.

स्वातंत्र्य मिळून एक वर्ष झालं होतं. दिवाळीनंतर एका सकाळी मोटार सुरू करताना हँडल उलटं फिरलं आणि नवऱ्याचं उजवं मनगट मोडलं. तेव्हा मोटारीच्या तोंडात लोखंडी हँडल घालून ते गरगर फिरवावं लागे, आणि इंजिनाने झटका दिला की ते हातावर उलटं येई. पनवेलच्या डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. सहा आठवडे हात हलवायचा नाही, असं बजावून सांगितलं.

संध्याकाळी मालक खोलीच्या दाराशी आले. ते वाईट गृहस्थ नव्हते, पण मोटारीच्या बाबतीत त्यांचं डोकं वेगळं चाले. म्हणाले, "गाडी माझा भाचा चालवील. पण धुण्या-पुसण्याचं त्याला सांगता येणार नाही. आणि मळकी गाडी घेऊन मी बाहेर पडणार नाही. मुंबईचा एक ड्रायव्हर ओळखीचा आहे, बायकापोरांसकट यायला तयार आहे. बोलावून घेऊ का?"

"कशाला मालक?" नवरा उठून उभा राहिला. "डावा हात हाय ना माजा! धुवायचा-पुसायचा मी बगतो. एक दिस जरी गारी मलकी दिसली तर खुशाल बोलवा त्याला."

मालक "बरं" म्हणून गेले. मी चुलीपुढून उठले, पाण्यात बुडवलेलं फडकं नवऱ्याच्या डाव्या हातात ठेवलं आणि म्हटलं, "पिळून दाखवा."

त्याने फडकं मुठीत आवळलं. मग गुडघ्यात धरलं. मग दातात धरलं. पाणी सगळं धोतरावर गळलं आणि फडकं होतं तसंच राहिलं. एका हाताने फडकं पिळता येत नाही, ही गोष्ट शब्द देण्याआधी सुचायला हवी होती.

खोली गेली असती तर आम्हाला ओवे गावाला दिराच्या घरी जावं लागलं असतं. दीर-जावेने दोन घास घातले असते, त्यात शंका नाही. पण माझी थोरली चौथीत होती आणि धाकटी दुसरीत. ओव्याला गेल्या की त्यांची शाळा सुटणार आणि वर्षा-दोन वर्षांत दोघी मिठागरावर टोपल्या उचलायला जाणार, हे मला लख्ख दिसत होतं. मी स्वतः सातवी झाले होते ती मामाच्या हट्टामुळे. मुलींचा मामा कोणी हट्टी नव्हता. तेव्हा हट्ट मलाच करायला हवा होता.

"उद्यापासून गाडी मी धुते," मी सांगितलं.

"तू?"

"मग कोण? तुम्ही दातांनी?"

त्याने एकच अट घातली. "कोनाला कलता कामा नये. बायकोकडून गारी धुवून घेतो म्हंतील सगले."

गिरणीचा भोंगा सातला व्हायचा. त्याआधी शेडचं दार ओढून घेऊन काम उरकायचं ठरलं.

आता एक सांगते. हा माणूस घरात पाणी पिऊन तांब्या जिथल्या तिथे ठेवत नसे. पण मोटारीजवळ त्याचे जे नियम होते ते ऐकून मी थक्क झाले. टपापासून सुरुवात करायची, चाकं शेवटी. वरचं फडकं वेगळं, खालचं वेगळं, चाकांचं तिसरं. खालचं फडकं चुकून वर लागलं तर ते फेकून द्यायचं. भटजींच्या घरात नसेल एवढं सोवळं या फडक्यांचं. तो शेडमधे पिंपावर बसून, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून, हुकूम सोडायचा.

"अगो, घासू नको, पूस! तवा हाय का तो?"

"तव्याला एवढं जपलं असतं तर तोही चमकला असता."

"गोल नको फिरवू फडका. सरल ने. सरल!"

पहिले दोन दिवस मी निमूट ऐकलं, कारण काम शिकायचं होतं. नियमांत अर्थही होता. गिरणीतला कोंडा हवेत उडून मोटारीवर बसायचा आणि ओल्या रंगाला लागला की खसखशीसारखा चिकटायचा. तो आधी कोरड्या पिसाऱ्याने झाडला नाही, तर फडक्याखाली रंगावर ओरखडे उठत. हे मला पटलं. पटलं नाही ते पाण्याचं.

गिरणीच्या आवारातली विहीर मचूळ होती. त्या पाण्याने काळ्या रंगावर पांढरे ठिपके राहतात, म्हणून नवरा गाडीला गल्लीतल्या गोड्या विहिरीचं पाणी वापरायचा. रोज आठ बादल्या. तो ड्रायव्हरच्या टोपीत जायचा म्हणून कोणी बोलत नसे. मी तिसरी खेप भरायला गेले तशी रहाटाजवळची एक बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय गो, घरात हत्ती बांदलाय का?"

दुसरी म्हणाली, "हत्ती नाय, मालकाची गारी हाय. आमी इथं घागरीसाठी उब्या, न हिची गारी गोऱ्या पान्यानी आंगोल करते!"

पहिली हसून म्हणाली, "मग पाट पन मांड गो तिला. उटना लाव!"

त्यांचं खरं होतं. शिवाय आणखी दोन दिवस हेच चाललं असतं तर गाडी कोण धुतं ते सगळ्या पनवेलला कळलं असतं. घरी येऊन विचार केला. ठिपके पाण्याचे नसतात, वाळलेल्या पाण्याचे असतात. पाणी वाळूच दिलं नाही तर? दुसऱ्या दिवशी मचूळ पाण्यातच फडकं भिजवून घट्ट पिळलं, हातभर जागा पुसली, लगेच कोरड्या फडक्याने टिपली, मग पुढची हातभर. शेवटी गोड्या पाण्याच्या दोन बादल्यांत सगळी गाडी पुसून काढली. एक ठिपका राहिला नाही. नवरा पिंपावरून उठला, टपापासून चाकांपर्यंत वाकून वाकून पाहिलं आणि म्हणाला, "जमतं बग." त्याच्या तोंडून एवढं म्हणजे मानपत्रच.

आठवड्यातून एकदा पॉलिश. मुंबईहून आणलेला मेणासारख्या पॉलिशचा डबा होता. थोडं थोडं लावायचं, अर्धवट वाळू द्यायचं, मग जुन्या मऊ धोतराने चोळायचं. दंड भरून येत. पण दाराच्या काळ्या पत्र्यात स्वतःचं तोंड दिसायला लागलं की मी पुढच्या दाराकडे वळायची. तोंड बघत बसायला वेळ नव्हता. चुलीवर भात असायचा.

चार आठवडे असे गेले. मालक एकदा गाडीभोवती फिरले आणि नवऱ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "एका हाताने असं, तर दोन हातांनी कसं असेल रे!" नवरा लाजून हसला. मी पत्र्याच्या भिंतीमागे तांदूळ निवडत होते. खडे जरा जोरातच फेकले.

मग पुण्याचे पाहुणे यायचं ठरलं. मालकांच्या मुलाच्या लग्नाचं बोलणं होतं आणि मालक स्वतः गाडी घेऊन त्यांना आणायला स्टँडवर जाणार होते. "रविवारी गाडी आरशासारखी पाहिजे," त्यांनी निरोप धाडला.

गाडी आरशासारखी होतीच, फक्त तोंडाजवळ नव्हती. समोरचे दोन मोठे दिवे, छोट्या परातीएवढे, कायम मंद दिसायचे. खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने त्यांच्यावर पांढुरके चट्टे पडले होते. नवरा त्यांवरून नुसतं कोरडं फडकं फिरवायला सांगायचा. मला ते चट्टे सलत होते. मळ दिसतोय आणि आपण काढत नाही, हे मला जमत नाही.

शनिवारी नवरा हात दाखवायला डॉक्टरांकडे गेला. मी चिंचेचा कोळ केला, चुलीतली राख चाळून घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि उजव्या दिव्याला भिडले. पहिल्यांदा काही होईना. मग जोर केला. चट्टे गेले, आणि त्यांच्याखालून पिवळं धमक पितळ वर आलं. मला भारी आनंद झाला. वाटलं, एवढी वर्षं या गड्याने दिवे घासलेच नाहीत! माझ्या देव्हाऱ्यातल्या समईसारखा दिवा लखलखायला लागला. तेवढ्यात नवरा दारात आला.

त्याने दिवा पाहिला. मग खाली बसला.

"अगो, हे काय केलंस?"

"मळ काढला."

"मल नव्हता तो! निकेल होता, निकेल! पितलेवर चांदीसारखा पातल मुलामा देतात विलायतेत. तो तू खरवडून काढलास!"

मी दिव्याकडे पाहिलं. मग दुसऱ्या दिव्याकडे. एक पिवळा, एक पांढरा.

"कावील झाल्यासारकी दिसते," नवरा म्हणाला. "उद्या पुन्याची मानसं. आता मुंबईचा ड्रायव्हर आलाच समज."

रडून निकेल परत चढणार नव्हतं. मी उरलेली राख पुढे ओढली.

"आता काय करतेस?"

"दुसऱ्यालाही कावीळ करते. एकच डोळा पिवळा असला की रोग दिसतो. दोन्ही असले की तसाच रंग आहे म्हणतात."

नवऱ्याने कपाळावर हात मारला, तोही प्लास्टरचा. पण थांबवलं नाही. संध्याकाळपर्यंत दोन्ही दिवे एकसारखे झाले. चट्टा शोधून सापडला नसता.

रविवारी मालक पांढरेशुभ्र कपडे घालून आले. त्यांच्या मागून मालकीणबाई शेडसमोरच्या त्यांच्या घराच्या ओसरीवर येऊन उभ्या राहिल्या. मालक गाडीभोवती फिरले, पुढे आले आणि थबकले. वाकून दिव्यावर बोट फिरवलं. ते बोट नाकाशी नेलं.

"चिंच?"

नवरा म्हणाला, "मालक, ते असं झालं की डाव्या हातानी..."

"चिंच आणि राख ड्रायव्हरला सुचत नाही. कोणी घासलं हे?"

मी दारातून बाहेर आले आणि पदर नीट केला. "मी."

"आज घासलंस की..."

"काल दिवे. गाडी पहिल्या दिवसापासून."

मालक नवऱ्याकडे वळले. "म्हणजे तुझं पितळ उघडं पडलं म्हणायचं! माझ्या तोंडावर खोटं बोललास. महिनाभर शाबासकी घेत राहिलास."

"हो मालक," नवरा म्हणाला. मान खाली.

"मग अशा माणसाला मी ठेवू?"

मी म्हटलं, "मालक, खोटं हे बोलले. काम मी केलं. तुमचं ठरलं होतं, गाडी मळकी दिसली तर दुसरा ड्रायव्हर आणायचा. एक दिवस मळकी दिसली का?"

"दिव्यांचं निकेल गेलं त्याचं काय?"

"ते माझ्या हातून गेलं. ठाऊक नव्हतं म्हणून गेलं. पण मळकी दिसते का, ते सांगा."

मालकांनी बोट रुमालाला पुसलं. "तुला कोणी विचारलं होतं गाडीला हात लावायला?"

तोच ओसरीवरून मालकीणबाई बोलल्या. "अहो, मला माडीवरून शेडचं दार दिसतं. हिला बादल्या घेऊन आत जाताना मी रोज बघत होते. चार वर्षांत गाडीच्या पायरीखालचा चिखल कधी निघाला नव्हता, तो हिने काढला. आता बोलत काय बसलात? पुण्याची बस यायची वेळ झाली."

मालकांनी बायकोकडे पाहिलं. "तुला माहीत होतं आणि तू बोलली नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे विचारलंत!"

मालक भाच्याला हाक मारून गाडीत बसले आणि दार जोरात आपटलं. गाडी फाटकाबाहेर गेली. नवरा खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. मी पुढचे तीन तास काय केलं ते आठवत नाही. बहुधा भांडी घासली असतील. धाकटीने विचारलं, "आये, आपन ओव्याला जायाचा?" मी तिला पाढे म्हणायला बसवलं.

दुपारी गाडी परत आली. पाहुणे उतरून आत गेले. मालक शेडकडे आले. माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाले, "हिला सांग, गाडीत बाकी जे पांढरं आहे त्याला चिंच लावायची नाही. आणि खाऱ्या हवेत हे पितळ दोन दिवसांत काळं पडेल. ते मला पिवळंच दिसलं पाहिजे. तू जमवणार नाहीस. ती जमवील."

"म्हंजे मालक, मुंबईचा..."

"कशाला? त्याच्या बायकोला चिंच वापरता येते की नाही, कोणाला ठाऊक!"

एवढं बोलून ते पाहुण्यांकडे गेले. नवरा माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होता. मी त्याला बादली दाखवली; डाव्या हाताने बादली उचलता येते.

प्लास्टर निघालं, हात हळूहळू वळला. दिवे मात्र माझ्याकडेच राहिले, दर दोन दिवसांनी, शेडचं दार सताड उघडं ठेवून. जूनमधे थोरली पाचवीत गेली.