शंभर माणसांची ताकद, बेचाळीस टक्के

शाळेच्या शिपायाच्या डाव्या हातात शंभर माणसांची ताकद आहे असं मी लिहिलं, आणि खाली सही केली. सही करायची काही गरज नव्हती. पण मी चित्रकलेचा मास्तर, आणि चित्राखाली सही न ठोकणारा चित्रकलेचा मास्तर मी तरी अजून पाहिलेला नाही.

शाळा देगलूरजवळच्या गावातली, जिल्हा परिषदेची प्रशाला. शिपायाला पोरं मामा म्हणतात, म्हणून आम्हीही मामाच म्हणतो. मामांपेक्षा वयानं मोठे असलेले हेडमास्तरसुद्धा. विशीत असताना मामांचा डावा हात कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये गेला. हात म्हणजे चारही बोटं आणि अंगठ्याचं वरचं पेर. तळवा राहिला, मनगट राहिलं, अंगठ्याचं बूड राहिलं. त्यावर सरकारी दवाखान्यानं बेचाळीस टक्क्यांचा दाखला दिला आणि त्या दाखल्यावर राखीव जागेतून मामा शाळेत लागले. चाळीसच्या खाली गेलं की राखीव जागा नाही. म्हणजे मामांची नोकरी, घर, पोरीचं नर्सिंगचं शिक्षण, हे सगळं दोन टक्क्यांवर उभं. मला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. त्या दाखल्याची झेरॉक्स मीच एकदा काढून आणली होती.

मग लातूरला एक शिबिर झालं. इंजिनिअरिंगच्या पोरांनी बोटं गेलेल्यांसाठी थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकचे पंजे छापले होते. त्यांच्याकडे प्लास्टिकच्या तारेचं रीळ दोनच रंगांचं शिल्लक होतं, म्हणून मामांचा पंजा लाल आणि बोटं पिवळी. आत मासे धरायची तंगूस ओवलेली. मनगट खाली वाकवलं की तंगूस ताणते आणि बोटं मिटतात, सरळ केलं की उघडतात. सेल नाही, बटण नाही. कामाला मामा तो कधी घालत नसत, घामानं घसरतो म्हणून. झेंडावंदनाला तेवढा घालायचे. पोरं रांग लावून हात मिळवायची.

"कामाचा न्हाई सर," मामा म्हणायचे, "पण पोरास्नी लई आवडतंय."

मला पोरांपेक्षा जास्त आवडला. त्याला कारण आहे. मी मुरुडचा. आमच्या लहानपणी तिथल्या रद्दीच्या दुकानात कॉमिकं मिळायची, शेंगदाण्याच्या पुड्या बांधायच्या ढिगात. मला त्यातले अर्धे माणूस आणि अर्धे यंत्र असलेले वीर फार प्रिय. कोणाच्या डोळ्यात दिवा, कोणाच्या छातीत मोटर, कोणाचा खांद्यापासून हात लोखंडी. सगळे पहिल्या पानावर मारामारी करायचे आणि विसाव्या पानाच्या आसपास एखाद्या उंच इमारतीवर एकटेच उभे राहून विचारायचे, मी माणूस आहे की यंत्र? मुरुडात तेवढी उंच इमारत नव्हती. मी पाण्याच्या टाकीवर चढलो. प्रश्न विचारून झाला, पण खाली उतरता येईना. पाणी सोडणाऱ्या माणसानं मला बखोटीला धरून उतरवलं आणि खाली आल्यावर उत्तर दिलं, दोन्ही गालांवर.

मामांना मी हा प्रश्न एकदा समजावून सांगितला. पंजा घातल्यावर आपण थोडे यंत्र झालो असं वाटतं का, असं विचारलं. ते व्हरांडा झाडत होते. ते म्हणाले, "सर, धा वाजता घंटा द्यायची असली की असले प्रश्न पडत न्हाईत. जरा पाय उचला."

मी पाय उचलले आणि घरी जाऊन कॉमिक काढायला बसलो.

आठ पानं. नाव 'पंजामामा'. शाळेच्या हस्तलिखितासाठी. त्यात मामा एका हातानं सोयाबीनची भरलेली ट्रॉली उचलतात, पुरात वाहून चाललेली एसटी ओढून काढतात आणि शेवटी शाळेच्या गच्चीवर उभे राहून तो प्रश्न विचारतात. शेवटच्या पानावर चौकट: 'या हातात शंभर माणसांची ताकद आहे.' खाली माझी सही, फर्राटेदार. एवढ्यावर थांबलो असतो तर हस्तलिखित कपाटात जाऊन झुरळांनी वाचलं असतं. पण मी पानांचे फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले. सोबत एक व्हिडिओ. त्यात मामा लाल-पिवळ्या पंजानं वर्गातला बाक उचलून धरतात. बाकाचं दुसरं टोक मी धरलं होतं, पण मला कापून टाकलं होतं. मीच.

अंगठे लई आले. कौतुकाचे. महिन्याभरानं पत्र आलं.

पत्र वरच्या कार्यालयाचं होतं. कोणीतरी अर्ज केला होता. कोणी ते अजून कळलेलं नाही, आणि मी शोधलंही नाही, कारण अर्जातलं मुख्य वाक्य माझंच होतं. 'सदर कर्मचाऱ्याच्या डाव्या हातात शंभर माणसांची ताकद असल्याचे शाळेच्या कलाशिक्षकांनी स्वाक्षरीनिशी नमूद केले असून, दिव्यांगत्वाची फेरतपासणी होणे आवश्यक वाटते.' सोबत: चित्रकथा, पाने आठ, रंगीत. तपासणी दुसऱ्या जिल्ह्यात, लातूरच्या सरकारी दवाखान्यात.

हेडमास्तरांनी ते मोठ्यानं वाचलं. मी सातवीच्या वर्गावर गेलो आणि शंकूची छाया शिकवली. शंकू बरा आला होता. मधल्या सुट्टीत डबा खाल्ला. भाजी कशाची होती ते घरी विचारल्यावर मला सांगता आलं नाही, एवढंच.

मामांनी पत्राची घडी घालून खिशात ठेवली. संध्याकाळी शाळेला कुलूप लावताना त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"सर, स्वाक्षरीनिशी म्हंजी सही करून न्हवं?"

"हो."

"मंग ठीक हाय."

त्यानंतर पंधरा दिवस मामा माझ्याशी कामापुरतं बोलले. खडू आणून दिले, फळा पुसला. घंटा एक मिनिटही चुकली नाही. मला वाटत होतं, त्यांनी शिव्या द्याव्यात. शिव्या दिल्या असत्या तर कुठं दुखतंय ते तरी कळलं असतं. एकदा मीच विषय काढायचा म्हणून विचारलं, त्या हाताला काही जाणवतं का?

"थंडीत बोटं ठणकतेत," मामा म्हणाले.

"कुठली?"

"जी न्हाईत ती. हाय तो तळवा मातुर बधिर. टाचणी टोचली तरी कळत न्हाई."

तपासणीला मी सोबत गेलो. मामांनी या म्हटलं नव्हतं, नको पण म्हटलं नव्हतं. देगलूरहून उदगीर, उदगीरहून लातूर. मामा खिडकीशी. पंजा कॅरीबॅगेत घालून मांडीवर. घरी ठेवा असं मी तीनदा बजावलं होतं.

"कॉमिकात त्यो हाय. मंग तपासायला बी त्योच मागतील," मामा म्हणाले. "लपवला म्हणतील."

उदगीरला मी भजी घेतली. मामांनी दोन खाल्ली. बाकीची मी खाल्ली, गरम होती एवढं आठवतं.

दवाखान्यात एका लांब बाकावर आमच्यासारखे बरेच. कोणाचा पाय, कोणाचा डोळा, कोणाचा कान. सगळ्यांच्या हातात फाईल. मी पाहिलं ते असं, की इथं प्रत्येक जण आपण किती मोडलेले आहोत हे मनात पुन्हा पुन्हा घोकत होता. माझ्या कॉमिकात सगळं उलटं होतं. तिथं बसवलेल्या लोखंडाचा हिशेब. इथं नसलेल्या हाडांचा. मला हा विचार फार मोठा वाटला आणि मी तो मामांना सांगायला तोंड उघडलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं. त्या सबंध प्रकरणातलं माझं हे एकमेव शहाणपण.

आत तीन डॉक्टर. मधले वयस्कर, चष्मा कपाळावर. त्यांच्यासमोर माझी आठ पानं, टाचणी लावलेली.

"हे कोणी काढलं?"

"मी, साहेब."

"हा डोंगर का उचलतोय?"

"ट्रॉली आहे ती साहेब. सोयाबीनची."

"हो का? मला डोंगरच वाटला." त्यांनी पानं बाजूला सारली. "पंजा दाखवा."

मामांनी कॅरीबॅगेतून काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो उलटासुलटा केला, तंगूस ओढून पाहिली. बोटं मिटली. शेजारच्या बाई डॉक्टर हसल्या. "छान आहे. पण हा नाही मोजायचा आपल्याला. हात द्या."

त्यांनी मामांचा हात घेतला. अंगठ्याचं बूड वाकवून पाहिलं, कोन मोजला, आकडा लिहिला. पुन्हा मोजला. पहिला खोडून दुसरा लिहिला. तो आकडा काय होता मला दिसला नाही. त्या खोडण्यानंच माझा तोल गेला असावा. मला कोणी काही विचारलं नव्हतं.

"साहेब, ते सगळं खोटं आहे," मी म्हणालो. "कल्पना आहे ती. याला काही येत नाही या हातानं. साधी शर्टाची गुंडी लावता येत नाही याला. बायको लावते रोज. जेवणसुद्धा... अगदी निकामी आहे साहेब हा."

'याला' म्हणालो मी. 'हा' म्हणालो. आठ वर्षांत मामांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं. आणि गुंडीचं तर मी तिथल्या तिथं रचलं होतं. माझ्या हिशेबानं दोन टक्के राखायचे तर निदान वीस टक्क्यांचं खोटं बोलायला हवं होतं.

वयस्कर डॉक्टरांनी पेन थांबवलं. "खरं आहे का हे?"

मामांनी नुसतं 'हाव' म्हणायचं होतं. एक शब्द. बाहेर वीस वर्षांची नोकरी त्या शब्दासाठी थांबली होती आणि मी डोळ्यांनी त्यांना तो शब्द सुचवत होतो. मामा टेबलाकडे बघत होते. मग त्यांनी उजवा हात पाठीमागे नेला, पँटच्या पट्ट्यात अडकवला, म्हणजे कोणाला शंका नको. डाव्या तळव्याची कड आणि अंगठ्याचं बूड यांच्यात वरची गुंडी धरली. काढली. वेळ लागला. मग लावली. त्याला आणखी वेळ लागला. पंखा फिरत होता. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा बसली.

"लावता येती साहेब," मामा म्हणाले. "बायको न्हाई लावत."

मला वाटलं, गेली नोकरी. वाटलं म्हणजे तसं वाक्य डोक्यातून गेलं. त्याच्यामागून काही आलं नाही.

वयस्कर डॉक्टरांनी चष्मा खाली घेतला. "कशी शिकलात?"

"कोण शिकवतंय साहेब. येरवाळी उठायचं आन करायचं."

"बसा बाहेर. आणि तुम्ही," ते मला म्हणाले, "तुम्हीही बाहेर बसा. आम्ही बोटं मोजतो. गुंड्या मोजत नाही, आणि तुमच्या गोष्टीही."

दुपारी साडेतीनला खिडकीतून कागद मिळाला. मामांनी तो मला वाचायला दिला नाही. स्वतः वाचला, ओठ हलवत. मग बायकोला फोन लावला.

"एक्केचाळीस," ते म्हणाले. पलीकडून काहीतरी प्रश्न आला. "हाव, ऱ्हायली. ऱ्हायली म्हनलं की. एक कमी झाला... आता त्ये काय सांगू, आल्यावर सांगतो. सर हायत संग."

एक टक्का कशानं गेला, गुंडीनं की कोन दुसऱ्यांदा मोजल्यानं, ते कोणी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. आता मामांची नोकरी एकाच टक्क्यावर उभी आहे. उभी आहे.

स्टँडवर उदगीरच्या गाडीला वेळ होता. चहा घेतला. मी म्हणालो, "मामा, चुकलं माझं." मामांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, प्याले. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणणार तेवढ्यात ते म्हणाले, "त्ये पुस्तक हाय का संग?"

होतं. मूळ प्रत मी पिशवीत घेऊन हिंडत होतो, वेळ पडली तर ही कल्पना आहे हे पटवून द्यायला. मामांनी ती फक्त फोनवर पाहिली होती, आगपेटीएवढी. त्यांनी खिशातून चष्मा काढला. डाव्या तळव्यानं पान दाबून धरलं, उजव्या हाताचं बोट ओलं करून एकेक पान उलटलं. सावकाश. आणि मी, एवढं सगळं होऊनही, शेजारी बसून वाट बघत होतो की ते आता चांगलं म्हणतील. ट्रॉली पाहून नाही तर एसटी पाहून तरी.

पाचव्या पानावर ते थांबले. तिथं पंजा पानभर काढलेला आहे, प्रकाशकिरणांसकट. मामांनी अंगठ्याच्या बुडानं त्याची बोटं मोजली. मग परत मोजली.

"सर, ह्ये कोणतं बोट म्हणायचं?"

मी वाकून पाहिलं. सहा होती. हेडमास्तरांनी पाहिलं होतं, पोरांनी, सबंध गावाच्या ग्रुपनं, अर्ज करणाऱ्यानं, कार्यालयानं, तीन डॉक्टरांनी. कोणी मोजली नव्हती.

मी काहीतरी म्हणायला लागलो, की तो वीर आहे, म्हणून कदाचित. मामांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि प्रत माझ्या हातात परत दिली.

"इतकी वर्सं पोरास्नी चित्रकला शिकवून राहिले सर," ते म्हणाले, "आन तुमाला साधा हात काढता येत न्हाई."