कणगीखालचे दगड

खुब्याचा सांधा बदलावा लागेल, असं पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी पहिलं विचारलं ते खाली बसण्याचं. ते म्हणाले, मांडी नाही, उकिडवं नाही, पाटसुद्धा नाही. दहिवलीच्या आमच्या घरात तांदळाच्या भाकऱ्या थापण्यापासून भात पाखडण्यापर्यंत माझा सगळा जन्म जमिनीलगत गेलेला. पण पाऊल टाकलं की कळ मस्तकात जायची, म्हणून हो म्हटलं. एकच सांगून ठेवलं, मोरीत मला माझ्या पायांनी जाता आलं पाहिजे.

"जाल की," डॉक्टर म्हणाले. आणि खरंच, वॉकर धरून मी दवाखान्यात चाललेसुद्धा. रोज चालायचं, नाहीतर पाय आखडेल, अशी तंबी घेऊन घरी आले.

घरी कॉट तयार होती. डॉक्टरांनी ती उंच करायला सांगितली होती. मुलगा-सून सकाळीच लोकल पकडतात, त्यामुळे हे काम आमच्या ह्यांच्याकडे. पूर्वी आमची भाताची कणगी दगडांवर असायची. ओल लागू नये, उंदीर चढू नये म्हणून. भात गोणीत गेलं तसे ते दगड पडवीत पडून होते. ह्यांनी ते एकावर एक रचून कॉटच्या पायांखाली दिले आणि बापलेकांनी मला उचलून वर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सरकत कडेला आले तर पाय अधांतरी लोंबायला लागले. वॉकर खाली, मी वर. पुरुषांचं मोजमाप, म्हणून मला हसू आलं.

"अवो, एक थर काढा की."

"र्‍हाऊंदे गं. डॉक्टर उंचच बोलला."

ते तसंच राहिलं. मुलानं हौसेनं मोरीत बसवून घेतलेला कमोड कोराच, आणि माझ्यासाठी भांडं. तेही नवऱ्याच्या हातून. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बायका बिस्किटांचे पुडे घेऊन बघायला यायच्या आणि जाताना हमखास म्हणायच्या, "आराम कर गं, आता कसली घाई?" खिडकीतून समोरच्या शेतात भाताच्या रोपांसाठी राब भाजल्याचा धूर दिसायचा. वॉकरवर ह्यांचा टॉवेल वाळत असायचा. त्या टॉवेलचा मला इतका राग यायचा की बोलायची सोय नाही.

एका संध्याकाळी मुलानं चपला काढता काढता विचारलं, "आई, आज चाललीस का?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "चालली की. चांगली चालली."

मी बघतच राहिले. तेव्हा कळलं की दगड काही चुकून जास्त लागले नव्हते.

सकाळी मुलगा-सून गेल्यावर मी विचारलं, "खोटं का बोललात?"

हे उंबऱ्यात बसले होते. म्हणाले, "आय पन मोरीतच जायला उठली होती."

सासूबाई मोरीत घसरून पडल्या, खुबा मोडला. याच खोलीत झोपून होत्या आणि इथंच गेल्या. ह्यांनी फक्त त्यांचं पडणं लक्षात ठेवलं होतं. अंग पुसायला मी होते. त्यांच्या पाठीच्या जखमा मी पाहिल्या होत्या.

"आई पडून गेल्या नाहीत," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "निजून निजून गेल्या. मलाबी तसंच न्यायचं हाय का?"

हे उठून बाहेर गेले. मला वाटलं, रागावले. थोड्या वेळानं शेजारच्या भावजींना घेऊन आले, आणि दोघांनी माझ्यासकट कॉट उचलून एकेका पायाखालचा वरचा दगड काढला.

माझे तळवे फरशीला टेकले. फरशी गार होती. टॉवेल बाजूला फेकून मी वॉकर धरला, उभी राहिले, आणि पुढं जाता येईना. ह्यांनी मागून माझा गाऊन मुठीत धरला होता.

"सोडा."

"पडशील गं."

"धरलंत तर पडेन."

मूठ सुटायला वेळ लागला. मग मी गेले, वॉकर पुढं, मग पाय, मोरीपर्यंत. आत जाऊन दार ओढलं.

"कडी नको लावूस," बाहेरून ह्यांचा आवाज आला. रडवेला.

मला त्यांची दया आली. तरी मी कडी लावली.