उजवीकडून येणारं ‘हं’

पहिल्याच भेटीत मी डॉक्टरकाकांच्या मांडीवर जवळजवळ बसलो होतो. मेडनहेड स्टेशनबाहेर पाऊस होता, काका मला न्यायला आले होते, आणि मी धावत जाऊन इंग्लंडातल्या सवयीने डावीकडचं दार उघडून आत घुसलो. तिथे स्टिअरिंग होतं आणि त्यामागे काका. “ही जागा भरलेली आहे,” ते शांतपणे म्हणाले. मी भिजत वळसा घातला, उजवीकडचं दार उघडलं, तर तिथे काकू मटार सोलत बसलेल्या. “तीपण,” काका म्हणाले. मी मागे बसलो, आणि पुढची कित्येक वर्षं मागेच बसत राहिलो.

काका भूलतज्ज्ञ. ते कधी मोठ्याने बोलत नसत. जणू समोरच्याला आत्ताच झोप लागते आहे. “झोपवायला काय लागतं? आपल्या गणपतीतले वक्तेसुद्धा झोपवतात,” ते म्हणत, “माणूस परत आणता आला पाहिजे.”

गाडी त्यांनी एका जर्मन डॉक्टर मित्राकडून घेतली होती, म्हणून स्टिअरिंग डावीकडे. जर्मनीतल्या एका कंपनीची ती तेव्हाची सगळ्यात मोठी गाडी. तिथल्याच दोन बड्या कंपन्यांच्या पंगतीत बसायचं म्हणून त्यांनी आठ सिलिंडरचं इंजिन घातलं, चारही चाकांना जोर दिला, पत्र्याला जस्ताचा मुलामा दिला. नवा चेहरा द्यायचा तेवढा राहिला. ती दिसायची त्यांच्याच स्वस्त गाडीसारखी. गिऱ्हाइकांनी विचार केला, एवढे पैसे ओतायचे तर शेजाऱ्यांना कळायला नको का? थोड्याच वर्षांत मॉडेल बंद झालं. काकांना ते फार लागलं. “साधी दिसते म्हणून लोकांनी ओळखलं नाही,” म्हणायचे आणि काकूंकडे बघायचे. काकू म्हणायच्या, “मला त्यात धरू नका.” मग काका बॉनेटवर हात ठेवून सांगायचे, “जस्त आहे. ही गंजायची नाही. म्हणजे जायचीही नाही.”

डावीकडे बसून इंग्लंडात ओव्हरटेक करणं म्हणजे भिंतीपलीकडे उडी मारणं. पुढे लॉरी असली की समोरून काय येतंय ते दिसतच नाही. ते काम काकूंचं. मटारावरची नजर वर करून त्या रस्ता बघत आणि म्हणत, “हं.” काका गाडी बाहेर काढत. रस्ता मोकळा नसेल तर, “अंहं.” बस्स. एवढ्यावर दोघांचा जीव, आणि मागे माझाही. समोरून येणारे मात्र हबकत. त्यांना चालकाच्या जागी एक बाई दिसे, स्टिअरिंगला हात न लावता शेंगा सोलणारी.

काकू गेल्या त्या वसंतात मी मेडनहेडला गेलो. काका स्टेशनवर आले होते. मागे बसणं बरं दिसेना म्हणून मी उजवीकडचं दार उघडलं. “भरलेली आहे,” काका त्याच आवाजात म्हणाले.

मी मागे बसलो. वाटेत पुढे एक ट्रॅक्टर लागला. काकांनी वेग कमी केला, मान किंचित उजवीकडे कलती केली, थांबले. मग सरळ बाहेर काढली गाडी. रस्ता मोकळा होता. पुढच्या लॉरीमागे पुन्हा मान कलती झाली, पण ते गेले नाहीत. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. दुसऱ्या क्षणी वळणावरून एक बस सणसणत आली. काका आरशातून माझ्याकडे बघून म्हणाले, “बघितलंस?” मी बघितलं ते फक्त सीटच्या पट्ट्याकडे. उजवीकडचा पट्टा लावलेला होता.

मँचेस्टरहून त्यांच्या मुलाचा मला फोन आला. बाबा कुणाला तरी मारतील, नाहीतर स्वतः मरतील. तुझं ऐकतात, गाडी विकायला लाव. माझं माझी बायको सुनीताही ऐकत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. काकांपुढे मी भीत भीत विषय काढला. “ती सांगते तोवर चालवणार,” ते म्हणाले.

ऑक्टोबरात त्यांचाच फोन आला. ये म्हणाले, आणि सुनीताला आण. आम्ही दोघं स्टॅनमोरहून पोचलो तेव्हा किल्ली टेबलावर काढून ठेवलेली होती. त्यांनी चहा ओतला, स्वतः प्यायले नाहीत.

“परवा लॉरीच्या मागे बराच वेळ थांबलो. ती काही बोललीच नाही. ना हं, ना अंहं.” किल्ली माझ्याकडे सरकवून म्हणाले, “आता मी चालवायला नको.”

बंद पडलेली मॉडेलं जपणारा एक गॅरेजवाला ऑक्सफर्डच्या पलीकडे होता, त्याच्याकडे गाडी पोचवायची होती. काकांनी वाकून उजवीकडचा पट्टा स्वतः सोडला. “सुनीता, तू इथे बस. बघायला माणूस लागतं.” निघताना दारात उभे राहिले, हात मात्र हलवला नाही.

धुकं होतं. अरुंद रस्त्यावर पुढे गवताची ट्रॉली लागली. मी कंटाळलो, इंडिकेटर दिला, गाडीचं नाक जरा बाहेर काढलं. “अंहं.” मी चटकन आत आलो, आणि धुक्यातून दुधाचा टँकर आम्हाला घासून गेला.

“बरं झालं सांगितलंस,” मी म्हणालो. सुनीता काचेबाहेर बघत होती.

गाडी देऊन आम्ही ट्रेनने परत निघालो. रीडिंग आलं तेव्हा तिने माझी बाही ओढली.

“अरे, ते ‘अंहं’ मी नव्हतं म्हटलं,” ती म्हणाली. “मलाही ते फक्त ऐकू आलं.”

डब्यात गरम होत होतं, तरी मी कोटाची बटणं लावली. उद्या काकांना फोन करून सांगतो म्हणालो. काकू आहेत, गप्प झालेल्या नाहीत.

आता काकाही नाहीत. तो फोन मी कधी केला नाही. सुनीताने माझ्या हातावर हात ठेवला होता आणि म्हणाली होती, “नको रे. त्यांच्याशी बोलल्या नाहीत आणि आपल्याशी बोलल्या, हे त्यांना कसं सोसेल?”